मोठ्या चाकांची समक्ष तपासणी

विषय : रमिला गावित यांच्या जुन्या पिकअपची बॉडी उंच करून बसवलेल्या मोठ्या टायरांना परवानगी मिळणेबाबत.

उपरोक्त विषयी खुलासा असा की, आमच्या नदीला पूल नाही आणि दवाखाना पलीकडे आहे. माझ्या पत्नीच्या छातीत कळ आली, तेव्हा याच चाकांनी तिला भर पाण्यातून पार नेले. आज ती माझ्या चहातली साखर कमी करते, हे रमिलाताईंचे उपकार.

वाहन तपासणीचे साहेब आले. त्यांची जीप पलीकडच्या काठावरच थांबली, म्हणून ताईंनीच त्यांना पिकअपमधून गावात आणले. उतरताच साहेबांनी टेप लावून चाक मोजले.

"हे माप पुस्तकात नाही. आत्ता माझ्यासमोर जुनी चाकं लाव, नाहीतर गाडी जप्त!"

"लावते की साहेब." ताईंनी जॅक लावला, एक नट सैल केला आणि अदबीने विचारले, "जुन्या चाकांवर इंजिनात पाणी शिरतं. पाणी उतरेल दिवाळीला. तोवर तुमचा मुक्काम कुणाकडे ठेवू?"

साहेबांनी नदीकडे पाहिले, मग स्वतःच्या बुटांकडे.

"नट आवळ," ते हळूच म्हणाले, "आणि रीतसर अर्ज कर."

अर्ज मीच लिहिला, नोकरीत कधी लिहिला नाही इतक्या मनापासून. त्यास चौदा महिने झाले. पिकअप रोज नदी ओलांडते. अर्ज विचाराधीन आहे.