ठकूआईची भाकर

घाटातून आगगाडी जायचं ठरलं होतं, पण अजून गेली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. काटेमाळ तेव्हा गाव नव्हतंच मुळी. मेंढपाळांची थोडी खोपटं, मेंढरं कोंडायच्या जाळ्या आणि नजर पोचेल तिथवर माळ.

त्या माळावर लांडगे फार. पण वाडीची कुत्रीही तशीच तगडी होती. लांडग्याचा नुसता वास आला तरी अशी तुटून पडायची की लांडग्याला पळता भुई थोडी व्हायची. मेंढपाळ झाडाखाली निवांत घोरायचे. मग घाटात सुरुंग उडायला लागले.

पहिला सुरुंग उडाला तेव्हा माणसांचीच पाचावर धारण बसली, तिथं कुत्र्यांचं काय घेऊन बसलात! शेपूट घालून जी पळाली ती कुणी ओढ्यात सापडलं, कुणी चुलीमागं. तेवढ्यात लांडग्यांनी मेंढरू उचललं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. लांडगा मोठा हुशार, बरं का. धडाम झालं की राखण पळते, हे त्यानं बरोबर हेरलं. असं म्हणतात, पुढं पुढं लांडगे सुरुंगाची वाटच बघत बसायचे, पंगतीचं बोलावणं यावं तसे.

वाडीचा कारभारी होता सुबाना. त्याची सून ठकू. लग्न होऊन येताना ठकूनं माहेरचं एक काळं पिल्लू ओटीत घालून आणलं होतं. त्याचं नाव भुंग्या. वाढून तो सगळ्या कुत्र्यांचा म्होरक्या झाला होता, पण सुरुंगापुढं त्याचंही काही चालेना.

मग पुरुषांनी एक शहाणपणा केला. "एवढा बाऊ कशाला? कुत्रं सुरुंगाजवळ नेऊन बांधा. कानाशी बार झाला की भीती मोडते." ठकू नको नको म्हणत राहिली, पण तिचं ऐकतो कोण! भुंग्याला घाटात नेऊन खुंटाला बांधलं. बार उडाला, त्यानं दावं तोडलं, आणि त्या दिवसापासून तो मुसळाच्या आवाजालाही थरथरायला लागला. हंडा जरा जोरात खाली ठेवला तरी गडी गोधडीत. भीती मोडायची राहिली बाजूला, कुत्रंच मोडलं.

शेवटी सुबानानं सांगून टाकलं, "दिवाळी झाली की हा माळ सोडायचा. आणि ही भित्री कुत्री इथंच टाकायची. राखण करत नाहीत, त्यांना भाकर कशाला?"

माणसं गेली की लांडगे आधी कुत्र्यांनाच फाडणार, हे ठकूला दिसत होतं. ती म्हणाली, "मामंजी, दिवाळीपर्यंत भुंग्याला माझ्या हाती द्या."

"घे की. पण घरच्या कामाची खोटी नको."

ठकूनं एक गोष्ट पाहून ठेवली होती. भुंग्या घाबरला की खायचा थांबायचा, आणि खात असला म्हणजे घाबरलेला नसायचा. तिनं आपल्या दिराला, पिराप्पाला हाक मारली. पिराप्पाचा ढोल साऱ्या जत्रांत गाजलेला. ती म्हणाली, "भावजी, ढोल घेऊन ओढ्यापलीकडं उभं राहा आणि एका बोटानं वाजवा."

"बोटानं? वैनी, माझा ढोल मेलेल्याला उठवतो!"

"मेलेल्याला मग उठवा. आज बोटानंच वाजवा."

तिकडं बोट वाजलं की इकडं भाकरीचा तुकडा पडे. आवाज आधी, तुकडा नंतर. ठकू ढोलाकडं बघायचीच नाही, ती भुंग्याचा जबडा बघायची. जबडा थांबला की तिचा हात वर जाई, आणि पिराप्पा मुकाट्यानं मागं सरके. वाडी खो खो हसली. "ठकू कुत्र्याला भजनाला बसवतीय," म्हणाली. एकदा पिराप्पाला राहवलं नाही, अंगात आल्यासारखा त्यानं टिपरूच हाणलं. भुंग्या जो पळाला तो जाळीत घुसला. ठकूनं दिराला असं फैलावर घेतलं की बिचारा ढोल टाकून निघाला होता. मग पुन्हा बोटापासून सुरुवात.

पण हळूहळू ढोल ओढा ओलांडून आला. मग अंगणात आला. मग भुंग्याच्या ताटलीशी दणदणू लागला, तरी पठ्ठ्या भाकर चघळतोय! पुढं जत्रेत दारूचे बार उडवायची उखळी टेकडीआड नेऊन बार काढले. बार झाला की भुंग्या शेपूट हलवायचा. ठकूला आभाळ ठेंगणं झालं.

आणि मग फजिती झाली. घाटात सुरुंग उडाला तेव्हा भुंग्या मेंढरांची राखण करत होता. तो घाबरला नाही. उडी मारून थेट घरी आला आणि अंगणात ताटलीपुढं जीभ काढून बसला! मागं लांडग्यानं कोकरू नेलं. सुबाना म्हणाला, "वा सूनबाई! आता सुरुंग उडाला की हे जेवायला येणार!"

ठकू सगळ्यांदेखत रडली. पण रडता रडताच तिच्या ध्यानात आलं, की कुत्र्याचं काही चुकलेलं नाही. भाकर अंगणात मिळत होती, तो अंगणात आला. दुसऱ्या दिवसापासून ती पदरात भाकरी बांधून माळावर गेली आणि कळपाच्या मधोमध बसली. बार झाला की तुकडा तिथं, मेंढरांच्या पायांत. भुंग्या खातोय म्हटल्यावर बाकीची कुत्रीही बिचकत बिचकत जवळ आली. त्यांचेही जबडे ती तशीच बघत राहिली.

दिवाळी झाली. सुबानाचा शब्द तो शब्द. तट्टांवर सामान लादलं, मेंढरं माळावर गोळा केली. तेवढ्यात घाटात सुरुंग उडाला. असं म्हणतात, तसा सुरुंग आधी झाला नाही आणि नंतरही नाही. धुळीनं सूर्य झाकला, दगड खोपटांवर येऊन पडले, माणसांनी डोक्यावर घोंगड्या ओढल्या. आणि लांडग्यांचं सगळं टोळकं कळपावर आलं.

लांडगे जेवायला आले, आणि कुत्रीही जेवायलाच आली! चारी बाजूंनी, लाळ गाळत, थेट कळपाच्या मध्यावर, आणि समोर बघतात तर लांडगे! असं म्हणतात, भुंग्यानं थोरल्या लांडग्याला मानगुटीला धरून असा भिरकावला, की तो टेकडीपलीकडं जाऊन पडला आणि अजून पळतोय.

धूळ बसली. एकही मेंढरू गेलं नव्हतं. कुत्री ठकूभोवती रिंगण धरून तिच्या तोंडाकडं बघत बसली. ठकूनं पदर चाचपला. पदर रिकामा. भाकरी सगळ्या तट्टावर बांधलेल्या!

तेव्हा सुबाना उठला. त्यानं आपल्या हातानं गाठोडं सोडलं, स्वतःची भाकर मोडली आणि खाली बसून एकेका कुत्र्याला भरवली. डोळे पुसत म्हणाला, "सामान उतरवा रे. आपण कुठं जात नाही."

ठकू पुढं साऱ्या माळाची ठकूआई झाली. असं म्हणतात, म्हातारपणी ती नुसती शेजारी बसली तरी वीज कडाडताना कुत्री घोरत पडायची. काटेमाळ आज मोठं गाव आहे, घाटातून गाडी धडधडत जाते. जत्रेत उखळीचे बार अजून होतात. पण वात पेटवणारा आधी ओरडून विचारतो, "ठकूआईची भाकर पडली का?" गावातल्या प्रत्येक कुत्र्यापुढं, मग ते कुणाचं असो वा नसो, भाकर पडल्याशिवाय वात पेटत नाही. आणि एखादं बुजरं पिल्लू खाता खाता थांबलं, तर बारही थांबतो. पालखी थांबते, ढोल थांबतात, लांबून आलेले पाहुणे थांबतात. सारं गाव गप उभं राहतं, त्या पिल्लाचा जबडा पुन्हा हलेपर्यंत.