सांध्याची हाक

यंत्रांच्या हिशेबाने फार फार पूर्वीची गोष्ट. संगणकाच्या गाभ्यातल्या कर्नेल नावाच्या राज्यात लिहिलेल्या हुकमांतून जन्मलेले दोन भाऊ राहत, थोरला सांधा आणि धाकटा खुंट्या. बाहेरून डिस्क आली की तिला फोल्डरांच्या झाडाला जोडायचं आणि काम संपलं की सोडवायचं, हा त्यांचा धंदा. सोडवण्याआधी सांधा हाक मारी, "आत कोणी राहिलंय का रे?" कारण आत कोणी असताना डिस्क सुटली, तर तो कायमचा गेला.

एकदा जास्तीचे हुकूम छाटणारी कात्री आली. "एवढ्याशा कामाला दोघं कशाला? नुसता गुंता! एकालाच ठेवीन."

खुंट्या दादामागे लपला. सांधा म्हणाला, "मावशी, जरा दम धर."

मग तो धाकट्याला एकेक काम देऊ लागला. आधी गाठ मारणं, मग कुलूप लावणं. आपण दोघंही हुशार झालो की कात्री दोघांनाही ठेवील, असं खुंट्याला वाटलं. तो अधाशासारखा शिकला.

"दादा, आता मिशीपण दे!"

"शोभायची नाही तुला, गाढवा."

शेवटी सांध्याने आपली हाकही त्याला दिली. सांध्यापाशी काहीच उरलं नाही, तेव्हा कात्रीने त्यालाच कापलं.

"सगळं परत घे रे, दादा!" खुंट्या ओरडला. पण घ्यायला दादा नव्हता.

राज्यात काम झपाट्याने होऊ लागलं. किती सोपं झालं, म्हणून सगळे खूश झाले. खुंट्या मात्र प्रत्येक डिस्कपाशी हाक मारतो, "आत कोणी राहिलंय का रे?" उत्तर आलं नाही की सोडायची, हा नियम. उत्तर येत नाही. तरी तो अजून थोडा थांबतो.