मंजुळेच्या तीन चुकलेल्या वाटा

एका पडक्या गडाच्या पायथ्याशी धनगरांची सात घरांची वाडी होती. तिथे मंजुळा ढेबे नावाची मुलगी राहायची. वय एकोणीस, आणि चौकसपणा दहा जणांना पुरून उरेल इतका. हा डोंगर पलीकडे कुठे उतरतो, त्या कपारीत काय आहे, वरून आपली वाडी कशी दिसते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. म्हशी रानात सोडायच्या आणि डोंगर पालथे घालायचे, हा तिचा रोजचा उद्योग.

पुढे हाती फोन आला आणि ती आपल्या भटकंतीचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ करू लागली. फोन दगडाला टेकवून ठेवायचा, चालून दाखवायचं, परत येऊन तो उचलायचा. आई म्हणायची, "आगं, एकच वाट तीनदा चालतीस, येडी का खुळी?" पण लोकांना ते व्हिडिओ आवडायचे आणि मंजुळेला लोकांचं आवडणं आवडायचं. त्यात वाईट काहीच नव्हतं.

गडाच्या मागच्या अंगाला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, असं वाडीतली म्हातारी माणसं सांगत. वाट मात्र कोणालाच आठवत नव्हती. एका सकाळी मंजुळा ती शोधायला निघाली. आता डोंगरात ढोरवाट रुंद असते आणि माणसांची वाट बारीक. गवत संपलं की ढोरं थांबतात आणि त्यांची वाटही तिथेच संपते. एवढं साऱ्या वाडीला ठाऊक. तरी म्हशीवाल्याच्या घरची ही पोर एकदा नव्हे, तीनदा ढोरवाटेला लागली आणि तीनदा कड्यावरून मागे फिरली. चौथ्या खेपेला एका उंबरामागे बारीक वाट दिसली आणि टाकं सापडलं. पाणी इतकं नितळ की तळाशी छिन्नीचे घाव दिसत होते. मंजुळा आनंदाने ओरडलीच.

घरी येऊन ती व्हिडिओ जोडायला बसली. 'म्हशीवाल्याची लेक ढोरवाटेला चुकली म्हणून लोक हसतील,' असा विचार करून तिने तीनही चुका वगळल्या. त्यांच्यासोबत उंबराजवळचं वळणही गेलं. उरली ती सरळ, झोकदार चढाई. लोकांनी ती डोक्यावर घेतली.

आठवड्याभरात तालुक्याच्या गावाहून चारुलताबाई आल्या. त्या शिवणवर्ग चालवायच्या आणि पन्नाशीत पहिल्यांदाच त्यांनी डोंगर चढायचं मनावर घेतलं होतं. मंजुळेच्या आईला म्हणाल्या, "सोबत कशाला? व्हिडिओ पाठ आहे मला." दुपार कलली तरी त्या उतरल्या नाहीत, तेव्हा मंजुळेने हातातलं काम टाकलं. ती धावतच निघाली.

बाई तिसऱ्या ढोरवाटेच्या टोकाला, कड्यावरच्या गवतात बसल्या होत्या. पाय मुरगळलेला, दोन्ही मुठींत झुडूप घट्ट धरलेलं. वर जाता येईना, खाली पाहवेना. मंजुळेने आधी त्यांना कड्यापासून आत ओढलं. मग सवयीने तिचा हात फोनकडे गेला. असा प्रसंग चित्रित करायला कुणाला मिळतो!

तेवढ्यात बाईंनी विचारलं, "अगं, एक सांग. तू वळलीस कुठे? मी अकरा वेळा पाहिलं, मला काही ते सापडलं नाही." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मंजुळेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, ते म्याच काढून टाकलं," ती म्हणाली. फोन तिने खिशातच राहू दिला आणि बाईंना खांद्याचा आधार देत उजेड आहे तोवर खाली आणलं.

दुसऱ्याच दिवशी तिने त्या वगळलेल्या तुकड्यांचा नवा व्हिडिओ टाकला. त्यात टाकं नव्हतंच. फक्त तीन ढोरवाटा, तीन वेळा पडलेला तिचा चेहरा आणि उंबराजवळचं वळण. लोक पोट धरधरून हसले. पण टाक्याकडे निघालेला प्रत्येक जण आता उंबरापाशी वळू लागला.

दोन महिन्यांनी चारुलताबाईंनीच एक व्हिडिओ पाठवला. फोन जरा हलत होता, आवाज मात्र खणखणीत. "मंजुळा, बरोबर वळले, टाकं पाहिलं! पण येताना मला एक चौथी चुकीची वाट सापडली आहे. ती तुझ्याकडे नाही."

मंजुळेने तो दोनदा पाहिला. मग म्हशी आईवर सोपवल्या, एका मैत्रिणीला सोबत घेतलं आणि ती चौथी चूक कुठवर जाते ते पाहायला निघाली.

तात्पर्य: आपण कुठे पोचलो हे दाखवलं की वाहवा मिळते, पण कुठे चुकलो हेही दाखवलं, तरच मागून येणाऱ्याला वाट मिळते.