केरबा लोहाराचं सांगणं

करंजघाटात डांबर पडलं नव्हतं, वळणांना कठडे बांधले नव्हते आणि घाट चढणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या, त्या काळी पायथ्याच्या नांदघळ गावात केरबा लोहार राहत होता. त्याचा बाप नांगराचे फाळ घडवायचा. केरबाचा जीव मात्र मोटारीत रमला. घाटाच्या तोंडाशी पिंपरणीच्या झाडाखाली त्यानं आपलं दुकान मांडलं आणि खालून येणारी प्रत्येक गाडी तिथं थांबू लागली.

हा केरबा कधी स्वस्थ बसला नाही, असं म्हणतात. जेवताना त्याचा गुडघा हलायचा. बोलताना बोटं कशाशी तरी चाळा करायची. एक गाडी उघडलेली असताना त्याचा डोळा दुसरीकडे लागलेला असायचा. पण हातात गुण होता. त्यानं हात लावलेली गाडी घाटात कधी बंद पडली नाही, असं पंचक्रोशीत बोललं जायचं, आणि केरबाला ते ऐकायला फार आवडायचं.

एका चैत्रात वरच्या माथवड गावात घटसर्पाची साथ आली. घशात पांढरा पडदा धरायचा आणि लेकरं श्वासासाठी तडफडायची. तीन मुलं गेली, अकरा अंथरुणाला खिळली. तालुक्याच्या कुमुदबाई डॉक्टरांनी शहरातून सुईचं औषध मागवलं. भुशात रचलेल्या बाटल्यांचा एक खोका, वरून बारीक पोलादी तारेनं आवळलेला. तो हाती पडताच बाईंनी आपली काळी मोटार काढली. ती गाडी त्या काळीसुद्धा म्हातारी होती. नांदघळात पोचेपर्यंत तिच्या इंजिनातून पाणी ठिबकू लागलं.

दुपार डोक्यावर होती. केरबानं इंजिनावरचं टोपण उघडलं आणि दुखणं ओळखलं. इंजिनातलं गरम पाणी जिथून बाहेर पडतं तिथं एक वाकडी नळी असते, तिला कोपर म्हणतात. ते कोपर दोन बोल्टांनी आवळलेलं होतं आणि सांध्यातून पाणी झिरपू नये म्हणून त्याखाली घातलेला जाड कागद कुजला होता. काम सोपं होतं. त्यानं नवा कागद कापून बसवला, एक बोल्ट आवळला, दुसरा आवळायला घेतला. बाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. केरबाच्या अंगात आधीच घाई, त्यात बाईंची भर पडली. बोल्ट घट्ट बसला होता, तरी त्यानं पान्याला आणखी एक हिसका दिला.

आणि पाना मऊ झाला.

बोल्टच्या अंगावर आणि तो ज्या भोकात जातो त्या भोकाच्या आतून जे वळसे कोरलेले असतात, त्यांना आटे म्हणतात. आट्यात आटा गुंततो, तेव्हा धातू धातूला धरून राहतो. भोकातले आटे उडाले की बोल्ट नुसता उभा राहतो, धरत काहीच नाही. केरबाच्या हाताला ते त्याच क्षणी कळलं. बोल्टबरोबर धातूचा चकचकीत कीस वर आला.

सांगायला हवं होतं. पण आपल्या हातून आटे गेले हे शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. त्यानं बोल्टला ताग गुंडाळला, साबण चोपडला आणि तो भोकात दाबून बसवला. वरून फडकं फिरवलं. पाणी ठिबकायचं थांबलं.

बाईंनी विचारलं, “केरबा, घाटात दगा नाही ना देणार?”

“निर्धास्त जावा, बाई,” केरबा म्हणाला.

गाडी धूळ उडवत पहिल्या वळणाआड गेली.

केरबा घरी येऊन ताटावर बसला. घास मोडला, पण तोंडापर्यंत जाईना. उजव्या तळहातात तो मऊपणा राहून गेला होता. त्यानं हात धुतला, परत बसला. उठून दारात गेला, परत आत आला. त्याची बायको आवडी हे सगळं बघत होती. तिनं काय झालं म्हणून विचारलं, आणि जे बाईंपुढं बोलता आलं नाही ते केरबा तिच्यापुढं बोलला. चढाला इंजिन तापेल, पाण्याचा जोर वाढेल, ताग टिकणार नाही, गाडी मधेच बंद पडेल.

आवडी एवढंच म्हणाली, “मग हितं का बसलाय?”

केरबा उठला. भोकात नवे आटे पाडायचं हत्यार, ज्याला टॅप म्हणतात, ते त्यानं एका मापानं मोठं उचललं. पाना, पक्कड आणि हातोडी कमरेला खोवली आणि पळत सुटला.

रस्ता बावीस वळणं घेत वर जात होता. केरबा रस्त्यानं गेलाच नाही. जुन्या काळी मीठवाले ज्या उभ्या पायवाटेनं चढायचे, ती त्यानं धरली. बैल त्या वाटेला पाय टाकत नसत. असं म्हणतात की दुसऱ्या टप्प्यावर त्याच्या वहाणा तुटल्या आणि तिसऱ्यावर पागोटं करवंदीच्या जाळीत अडकलं, पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही. असं म्हणतात की कातळानं त्याच्यासाठी पायऱ्या काढून दिल्या. माकडं झाड सोडून त्याच्या बरोबरीनं धावली, असंही म्हणतात. खरं खोटं त्या कातळाला माहीत. पण गाडीला जे अंतर कापायला तास लागायचा, ते माणसानं पायी, भर उन्हात, त्याहून कमी वेळात कापलं, एवढं पक्कं.

अठराव्या वळणावर गाडी उभी होती. चाकामागं धोंडा लावलेला, टोपणाखालून वाफेचे लोट निघत होते. कुमुदबाईंनी पदर खोचला होता आणि खोका डोक्यावर घेऊन त्या पायी निघायच्या बेतात होत्या. माथवड तिथून चार कोस.

केरबा त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. पायांतून रक्त येत होतं.

“बाई, हे माझ्या हातनं झालंय. आटे मी घालवले, आणि तुमच्यापासनं लपवलं.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या चिडल्या नाहीत, आणि ते चिडण्याहून वाईट होतं, असं केरबा पुढं सांगायचा.

“नुसतं सांगायला आलास, का दुरुस्त करायला?”

“दोन्ही.”

“मग कर.”

मोठ्या टॅपनं भोकात मोठे आटे पडले असते. पण कोपराच्या कानातून, म्हणजे त्याच्या कडेच्या भोकातून, मोठा बोल्ट जाणार नव्हता. बोल्ट जुनाच घालायचा, तर भोक आणि बोल्ट यांच्या मधली फट भरायला काहीतरी हवं होतं. केरबाची नजर खोक्यावरच्या तारेवर गेली. बाईंनी खोका खाली ठेवला आणि काही न विचारता तार सोडून दिली.

त्यानं टॅप भोकात लावला आणि तिथंच अडला. आटे पाडताना जोर चालत नाही, घाईही चालत नाही. अर्धा वळसा पुढं, पाव वळसा मागं, कीस झाडायचा, पुन्हा अर्धा पुढं. टॅप तिरका गेला की भोक कायमचं वाया. धावून आलेल्या माणसाच्या छातीत ठोके पडत होते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर टॅप हलत होता.

तेव्हा कुमुदबाईंनी जवळ येऊन, रोग्याची नाडी धरावी तसं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “श्वास सोड. मी सांगेन तेव्हाच फिरव.”

त्या सांगत गेल्या, तो फिरवत गेला. असं म्हणतात की तेवढा वेळ घाटातलं वारं थांबलं होतं आणि टॅपनं धातू कापल्याचा आवाज खाली नांदघळात ऐकू गेला. आयुष्यात पहिल्यांदा केरबाचे हात स्थिर झाले.

मग त्यानं ती तार बोल्टच्या आट्यांवरून घट्ट गुंडाळली, तिचं वेटोळं उतरवून नव्या भोकात फिरवत बसवलं, आणि त्या वेटोळ्यात बोल्ट घातला. वेटोळ्याच्या वळशांनी बाहेरून भोकाला धरलं आणि आतून बोल्टला. पाना फिरवला. एक वळसा, दोन वळसे, आणि पाना कडक लागला. केरबा तिथंच थांबला.

इंजिनातलं पाणी सगळं उडून गेलं होतं आणि चैत्रात त्या वळणावर पाण्याचा थेंब नव्हता. काही म्हणतात, केरबानं कातळावर पाना आपटला आणि पाणी फुटलं. काही म्हणतात, तेवढ्यात आवडी त्याच पायवाटेनं डोक्यावर घागर घेऊन वर आली. भरली घागर न हिंदकळता त्या वाटेनं आणणं हा चमत्कार काही लहान नव्हे, म्हणून नांदघळच्या बायका दुसरी गोष्ट खरी मानतात.

दिवेलागणीच्या आधी गाडी माथवडात पोचली. बाईंनी घरोघरी जाऊन सुया टोचल्या. अकरांपैकी दहा मुलं वाचली. गोदा नावाची एक सहा वर्षांची मुलगी, गाडी वेशीत शिरायच्या घटकाभर आधी गेली.

गाडी घाटात उभी राहिली नसती तर ती जगली असती का, हे कुणालाच सांगता आलं नाही. कुमुदबाईंनी केरबाला समजावलं, की पोरीचा घसा सकाळीच बंद होत आला होता. केरबानं ते ऐकून घेतलं. पण सुतक फिटल्यावर तो माथवडात गेला आणि गोदाच्या आईच्या, म्हणजे सावित्राच्या, दारात उभा राहिला. त्यानं हिसक्यापासून तागापर्यंत सगळं सांगितलं, काही राखलं नाही.

सावित्रा उंबऱ्यावर बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, “तवा बोलला न्हाईस. आता गप बसू नगंस. ज्याच्या गाडीला हात लावशील, त्येला सगळं सांग.”

तिथून पुढं केरबा बोलू लागला. प्रत्येक गाडीवाल्याला तो किल्ली देण्याआधी सांगायचा, हे चांगलं झालंय, हे तात्पुरतं आहे, हे माझ्याकडून बिघडलं. सुरुवातीला लोक हसले, काही दुसरीकडे गेले. मग लोकांच्या ध्यानात आलं, की केरबानं ज्याविषयी काही सांगितलं नाही ते वर्षानुवर्षं टिकतं. लोक परत आले.

पण त्याच्या जिवाला चैन पडली नाही. दुकान बंद झालं की तो टॅप आणि तारेचं भेंडोळं घेऊन घाट चढायचा. पायथ्याशी उभं राहून दहाव्या वळणावरच्या ट्रकचा सैल बोल्ट त्याला ऐकू यायचा, असं म्हणतात. एकदा त्यानं लग्नाच्या वऱ्हाडाची बस हात आडवे करून थांबवली. ड्रायव्हर वैतागला, पण खाली वाकून बघतो तर चाकाचा एकच नट शिल्लक, तोही शेवटच्या आट्यावर. अशा गोष्टी घाटाच्या दोन्ही अंगांना इतक्या आहेत, की सगळ्या खऱ्या असतील तर केरबा शंभर वर्षं जगला असावा.

तो झोपलेला कुणी पाहिला नाही आणि मेलेलाही कुणी पाहिला नाही. आवडी गेल्यानंतरच्या वर्षी तो एका सकाळी घाट चढू लागला. सोळाव्या वळणावर गुराख्यांनी त्याला पाहिलं. वर माथवडात तो पोचला नाही आणि खालीही उतरला नाही.

आता घाटात डांबर आहे, कठडे आहेत. नांदघळात सात गॅरेजं आहेत. गाडीचं काम झालं की तिथला मिस्त्री किल्ली लगेच देत नाही. तो टोपणावर हात ठेवतो आणि कामात जे मनासारखं झालं नाही ते गाडीवाल्याच्या तोंडावर मोठ्यानं सांगतो. याला तिथं केरबाचं सांगणं म्हणतात. एखादा नवखा ड्रायव्हर घाईत असतो, हात पुढं करतो. मिस्त्री किल्ली मुठीत धरून उभा राहतो. सांगण्यासारखं काही नसलं, तरी तो सगळं काम एकदा आठवून बघतो, आपण काही झाकलं तर नाही ना. मग म्हणतो, “काही नाही. जावा.”

आणि तेवढं ऐकल्याशिवाय माथवडची माणसं गाडीत पाय ठेवत नाहीत.