सिसची ताठ कंबर

फार वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत, शेजारशेजारच्या दोन चंबूंत, सिस आणि ट्रान्स या रेणू-बहिणी आपापल्यासारख्याच असंख्य जणींच्या गोतावळ्यात राहत. दोघींच्या कमरेला दुहेरी बंधाची गाठ, त्यामुळे जन्मात कधी वळता आलं नव्हतं. फरक एवढाच, की ट्रान्सचा एक हात इकडे तर दुसरा तिकडे, आणि सिसचे दोन्ही हात एकाच अंगाला.

एके दिवशी ब्रोमीनचे तांबडेलाल जुळे भाऊ प्रत्येकीकडे जोडीजोडीने येणार अशी वर्दी आली. ट्रान्स म्हणाली, "अगं सिस, तुझं आधीच सगळं एकीकडे. त्यात हे दोघे धटिंगण मांडीला मांडी लावून बसले, तर तू कलंडशील बघ!"

सिस धास्तावली. थोरला भाऊ आला आणि तिच्या पाठीवर ऐसपैस पसरला.

"संपलं! आता दुसराही वरच चढणार," ती पुटपुटली.

"छे गं ताई," धाकटा म्हणाला. "दादाने सगळी पाठ अडवलीय. मी पोटाकडून येतो. आमची रीतच आहे ती."

तो खालून आला, थोरला एका बाजूला सरकला, तोल साधला. आणि काय नवल! दुहेरी गाठीची एकेरी झाली. सिसने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पहिल्यांदाच वळून मागे पाहिलं. मागे उभ्या दुसऱ्या एका सिसकडे आलेल्या भावांच्या जोडीने बाजू बदलल्या होत्या. दोघी एका जोडातल्या डाव्या-उजव्या चपलांसारख्या दिसत होत्या. दोघी खळखळून हसल्या.

भावांची एक जोडी येऊन ट्रान्सचीही गाठ एकेरी झाली, तशी तीही वळून पाहू लागली. तिच्या चंबूत मात्र सगळ्या हुबेहूब तिच्यासारख्याच. कुणालाही चिडवलं तरी ते स्वतःलाच चिडवल्यासारखं; चिडवायला कुणी उरलंच नव्हतं.