कोंडसरीत पोरं मोजत नाहीत

फार वर्षांपूर्वी, कोंडसरीला रस्ता नव्हता आणि खाडीतून होडीनेच ये-जा चाले, तेव्हा तिथे तातू चितारी राहत होता. त्याने रंगवलेल्या लाकडी पोपटावर मांजर झडप घाली, असं म्हणतात.

एका वर्षी देवीची साथ आली आणि घराघरांतली मुलं घेऊन गेली. तातूची लेक मंजुळाही गेली. साथ सरली, पण गाव गप्पच राहिलं. ज्यांची मुलं वाचली, ते त्यांना घरात दडवू लागले, दुःखी आयांची नजर लागेल म्हणून. ज्यांची गेली, त्यांना दुसऱ्याचं मूल बघवेना. सत्यभामा घाडिणीने तर एकुलता मुलगा गेल्यावर दारच लावून घेतलं. आत चूल पेटेना. शेजारणी उंबऱ्यावर पेज ठेवत, ती कावळे खात. शिमगा तोंडावर आला होता. ही काही होळी बघत नाही, असं सगळे म्हणू लागले.

तातूला ते ऐकवेना. त्याने मांडवावर वाळलेले कडू भोपळे उतरवले, चिरले, पोखरले आणि चुन्याने, काजळीने रंगवायला बसला.

"तातू, मेल्या, येडो झालस काय?" शेजारची पारूकाकी कुंपणावरून ओरडली. "भोपळ्यांका कसले डोळे काढतस?"

"डोळे नाय गे काकी, खिडक्यो. आतल्यान बघूचा, भायल्याक दिसाचा नाय."

"आणि सगळ्यांचा थोबाड एकच?"

"एकच. मगे नजर लागतली कोणाक?"

काकी आत गेली आणि दडवून ठेवलेल्या नातवाला हाताला धरून घेऊन आली.

शिमग्याच्या तिन्हीसांजेला मुखवटे चढवून, पणत्या घेऊन पोरं निघाली. सत्यभामेच्या अंगणात नाचली, दार वाजवत राहिली. शेवटी कडी निघाली. कुठल्याही पोराला विचारतात तेच तिने विचारलं, "कुणाचो रे तू?"

मुखवट्याआडून उत्तर आलं, "तुझोच गो, आये. भूक लागली."

ती आत वळली. त्या संध्याकाळी तिच्या छपरातून निघालेला धूर खाडीपलीकडच्या गावांनाही दिसला, असं म्हणतात.

तिने घावनं घातली. तातूने केले होते त्याहून जास्त मुखवटे त्या अंगणात जेवले, असंही म्हणतात. एक लहानसा मुखवटा तातूपुढे येऊन थांबला. तो रंगवल्याचं त्याला आठवेना. खालची पावलं मंजुळेसारखी आत वळलेली होती. तातूचा हात मुखवट्यापर्यंत गेला आणि तसाच खाली आला. आपल्या वाट्याचं घावन त्याने पुढे केलं. "खा," एवढंच म्हणाला.

कोंडसरीचा माणूस कुठेही नोकरीला असो, लहानपणी भोपळा चढवून कुणाकुणाच्या घरी जेवलो, हे छाती फुगवून सांगतो. शिमग्याला आजही दारोदार तोच प्रश्न होतो आणि तेच उत्तर येतं. मुखवटा कुणी वर करत नाही. पोरं किती आली, तेही कुणी मोजत नाही. पीठ तेवढं जास्त भिजवतात.