कोठाराच्या दारावरची चित्रं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा माकडांना बोलता येत होतं.

एका डोंगराच्या पायथ्याशी छोटंसं राज्य होतं. दसरा झाला की राजाच्या कोठारातून प्रत्येक शेतकऱ्याला शाळूचं बियाणं मिळे. पण रानातली माकडं भारी हुशार झाली होती. ती धोतर नेसत, मुंडासं बांधत, गुपचूप रांगेत उभी राहत आणि मिळालेलं बी झाडावर बसून खात.

कोठाराच्या कारभाऱ्याने यावर युक्ती काढली. त्याने दाराशेजारी मोठा फळा लावला. फळ्यावर चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत एक चित्र काढलं: कुठे घागर, कुठे मोर, कुठे बैलगाडी. आत जायचं असेल त्याने बैलगाडीच्या सगळ्या चौकटींना हात लावायचा. जमलं तर माणूस, नाही तर माकड. चित्रं रोज बदलत. राजाला ही युक्ती फार आवडली.

त्याच राज्यात राही नावाची एक शेतकरीण होती. लहानपणी देवी आल्या तेव्हा तिची दृष्टी गेली होती. यंदा तिचं रान नांगरून तयार होतं. जमिनीत वाफसा होता, म्हणजे पेरणीला हवी तेवढीच ओल. ही ओल थोडेच दिवस टिकते. एकदा सुकली की रान वर्षभर पडीक.

राही लांबून चालत कोठारापाशी आली.

"बैलगाड्यांना हात लाव," दारावरचा शिपाई म्हणाला.

राहीने फळ्यावरून हात फिरवला. सगळा फळा सारखाच गुळगुळीत. "दादा, मला दिसत नाही. कुठे काय काढलंय, ते सांग की."

"सांगितलं तर माकडंही आत शिरतील."

"मी माकड आहे का रे?"

"ते फळा ठरवणार, मावशे!"

मागची रांग हसली. राहीही थोडीशी हसली आणि घरी परतली.

मग ती कारभाऱ्याला भेटली. कारभारी वाईट माणूस नव्हता. "अरेरे, हे लक्षातच आलं नाही," असं म्हणून त्याने फळ्यावर एक बोलका पोपट टांगला. राही पुन्हा तेवढंच अंतर चालून आली.

"हे चित्र आहे," पोपट म्हणाला. "हेही चित्र आहे. हेसुद्धा चित्र आहे."

"पण कशाचं रे, बाबा?"

"चित्राचं," पोपट म्हणाला. त्याला तेवढंच शिकवलं होतं.

"एवढा पोपट आणला तुझ्यासाठी," कारभारी कुरकुरला, "तरी तुझं आपलं चालूच! कुणाला तरी सोबत आण."

राही माघारी वळली. तेच तेच सांगून ती थकली होती.

दुसऱ्या दिवशी तिची जाऊ स्वतःची पेरणी सोडून सोबत आली. शिपायाने तिला अडवलं. "ज्याचं बी, त्याचाच हात."

"मी हिचा हात धरते नि लावते," जाऊ म्हणाली.

"मग तो हात तुझा झाला."

जाऊ घर येईपर्यंत शिपायाला शिव्या देत होती. राहीने वाटेत खाली बसून मातीत बोट खुपसलं. वरची माती कोरडी पडली होती. खाली अजून थोडी ओल होती.

म्हणून ती पुन्हा गेली, एकटीच. तिच्या पुढे मोठं मुंडासं बांधलेला कुणीतरी होता. त्याने फळ्यावर टपटप हात लावले आणि दार उघडलं. आत जाता जाता तो मागे वळून हळूच म्हणाला, "मावशी, चौकट वीतभर आहे. वरच्या ओळीतली दुसरी, नि खालच्या ओळीतली शेवटची."

"तू कोण रे, इतका भला?"

"माकड. फळा लागला तसा आम्ही शिकलो. झाडावरून सगळं दिसतं की!"

राहीने कडेपासून वितीने मोजत, चाचपडत त्या दोन चौकटींना हात लावला.

"शाबास! माणूस आहेस," शिपाई म्हणाला.

आत जाऊन राहीने एका कणगीत हात घातला. हात तळाला टेकला. दुसऱ्या कणगीतही तळच. पायाखाली नुसता कोंडा होता. तिने कारभाऱ्याला हाक मारली. तो धावत आला आणि एकेक कणगी बघत गेला. सगळ्या रिकाम्या.

"इतक्या कडक दारातून गेलं तरी कोण?"

"ज्यांना ज्यांना डोळे होते, ते सगळे," राही म्हणाली.

कारभाऱ्याने स्वतःच्या हाताने फळा उतरवला आणि दारात गावचा एक म्हातारा बसवला. तो येणाऱ्याला विचारी, तुझं रान कुठलं, शेजारी कोण, विहिरीला पाणी किती? माकडं गोंधळून पळाली.

मग शेजारच्या राज्यातून बियाणं मागवून कारभारी स्वतः राहीच्या दारात आला. "चुकलो, राही. हे घे. आता दार तुलाही उघडं आहे."

राहीने मूठभर दाणे हातात घेतले आणि परत पोत्यात सोडले. "बी चांगलं आहे. पण काल माती पाहिली. सुकली."

"रागावलीस?"

"नाही, कारभारी. दमले."

त्या वर्षी आजूबाजूची रानं हिरवी झाली. मधे राहीचं तेवढं काळं राहिलं.

तात्पर्य: दार बांधतानाच सगळ्यांची आठवण ठेवावी, दार उशिरा उघडलं, तर गेलेला वाफसा परत येत नाही.